अलकाची दहा वाक्यं

तुमच्या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. दिवा विझला तर वारा होता का, आवाज आला तर मांजर होतं का... असं. आमचं घर बौद्ध. अंगारे, नवस, उतारे आजोबांनी एकदा सोडले ते कायमचे. वडील म्हणायचे, न कळलेल्या गोष्टीला भूत म्हणू नये, ‘अजून कळलं नाही’ म्हणावं. मीही तेच म्हणते. फक्त या एका गोष्टीत ‘अजून’ फार लांबलंय.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. पाथर्डी तालुक्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्या वर्षी शाळेला वरून एक टू-इन-वन मिळाला, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकात. सोबत चार कोऱ्या कॅसेट. अध्यापनात त्याचा वापर करा, असं पत्र होतं. कसा करायचा ते कुणी सांगितलं नाही.

मी एक युक्ती काढली. आमची मुलं ‘आहे’ला ‘हाय’ म्हणायची, ‘पाणी’ला ‘पानी’. मला घरच्या बोलीची लाज वाटायला लावायची नव्हती, पण पुस्तकातलं वाचताना ‘ण’ कळायला हवा होता. गावातल्या बारवेवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, मी फळ्यावर दहा वाक्यं लिहिली. आमच्या गावात एक बारव आहे. तिला सदतीस पायऱ्या आहेत. बारवेचं पाणी गोड आहे... अशी. एकेकाला टेपसमोर बसवून ती वाचून घेतली आणि सगळ्यांना ऐकवली. स्वतःचा आवाज मशीनमधून आल्यावर मुलं आधी हसली, मग आपल्याच चुका पकडायला लागली.

तिसरीतली अलका सगळ्यांत पुढे. पहिल्या वेळी ‘पानी’ म्हणाली, ऐकलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “बाई, ते पुसा. मी पुन्यांदा वाचते.” दुसऱ्यांदा तिने दहाच्या दहा वाक्यं स्वच्छ वाचली, ‘पाणी’तल्या ‘ण’वर जरा जास्तच जोर देऊन. टेपच्या छोट्या खिडकीत आकडे फिरतात ना, तो काउंटर बघून मी वहीत लिहून ठेवायचे — कुणाचा आवाज कुठून कुठे. अलका ११२ ते १३१. तिच्या पुढची संगीता १३१ पासून.

दिवाळी झाली आणि शाळा निम्मी झाली. निम्मं गाव ऊसतोडीला जायचं, पोरांसकट. अलकाही गेली. निघताना तिची आई हिराबाई शाळेत सांगायला आली होती. अलका तिच्या मागे उभी राहून फळ्याकडे बघत होती.

उरलेल्या मुलांना मी दर शनिवारी सकाळच्या शाळेत ती कॅसेट लावायचे. पहिल्या शनिवारी अलकाचा आवाज आठव्या वाक्यापाशी थांबला. नुसती खरखर. मग १३१ वर संगीता. मला वाटलं, माझ्याच हातून चुकून काहीतरी पुसलं गेलं.

दुसऱ्या शनिवारी ती सहाव्यालाच थांबली. आणि पहिली सहाही सावकाश... मध्ये दम घेत. वर्गातला एक मुलगा म्हणाला, “बाई, अलकी आज लई हळू बोलती.”

‘आज’ म्हणाला तो. मी त्याला खाली बसवलं.

शाळा सुटल्यावर गुरुजींना सांगितलं. वर्षभरात निवृत्त होणारा, शांत, हिशोबी बोलणारा माणूस. “सेल उतरले असतील,” ते म्हणाले. नवे सेल घातले. पण सेल उतरले तर सगळ्यांचेच आवाज ओढल्यासारखे यायला हवेत. अलकाच्या आधीचा मुलगा ठणठणीत वाचत होता, नंतरची संगीता ठणठणीत. मधली अलका तेवढी दमत होती. आणि ती कितीही हळू वाचो, संगीता १३१ लाच सुरू व्हायची. टेप लांब होत नव्हती, अलकाची वाक्यं कमी होत होती.

बाजाराच्या दिवशी मी टू-इन-वन पिशवीत घालून पाथर्डीला रिपेअरवाल्याकडे नेला. त्याने हेड पुसलं, पट्टा तपासला, स्वतःची गाण्याची कॅसेट लावून बघितली. ठीक. मग आमची लावली. अलका पाचव्या वाक्यापर्यंत आली.

“मशीन चांगलं हाय, बाई,” तो म्हणाला. “पोरगीच आजारी वाटती.”

परत येताना एस.टी.त तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. घरी आल्यावर कपाटात ठेवला आणि आठवडाभर हात लावला नाही. आज वाटतं, तो आठवडा मी घालवायला नको होता.

त्या शनिवारी कॅसेट लावायचीच नाही असं ठरवलं होतं. पण मुलांना सोडल्यावर राहवेना. गुरुजींना म्हटलं, तुम्ही समोर बसा. अकरा वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन. काउंटर ११२ वर आला.

“आमच्या गावात एक बारव आहे.” हे आलं, पण कुजबुजल्यासारखं. “तिला सदतीस...” पुढचं नाही. मोठा श्वास. मग, “पानी.”

मी गुरुजींकडे बघितलं. ते टेपकडे बघत होते.

“पानी...” थोडा वेळ काही नाही. “पानी...”

‘ण’ नाही. वाचल्यासारखं नाही. घरात आईला हाक मारताना मूल जसं बोलतं, तसं. चारदा की पाचदा. मग १३१ आणि संगीताचा खणखणीत आवाज. गुरुजींनी बटण दाबून बंद केलं.

“मी जाते,” मी म्हणाले.

“कुठं?”

“अलकाकडे.”

“आणि काय सांगणार तिथं? टेपमध्ये ऐकलं म्हणून आलो?” गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. “बाई, तुम्ही नव्या आहात. गावात एकदा असं काही पसरलं तर पालक पोरं शाळेत पाठवायचे नाहीत.”

“मी कुणाला सांगणार नाही. पण जाते.”

ते उठले. मग कपाटातून हजेरीपट काढून काखेत धरला. “पटपडताळणीला आलो म्हणू. चला.”

टोळीच्या मुकादमाच्या घरून पत्ता मिळाला : देवळाली प्रवराच्या शिवारात, कॅनॉलच्या कडेला. नगरला गाडी बदलली, राहुरीला बदलली. उतरून मैलभर चाललो तेव्हा चार वाजत आले होते.

उसाच्या पाचटाच्या वीस-पंचवीस कोप्या, म्हणजे माणूस वाकून आत शिरेल एवढ्या झोपड्या. माणसं फडात. एक म्हातारी शेळी धरून बसली होती. तिला अलकाचं विचारलं. तिने हनुवटीनेच एक कोपी दाखवली.

अलका आत गोधडीवर होती. एकटी. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. जुलाबाने कपडे भरले होते. उशाशी तांब्या होता, पण आडवा पडून रिकामा झालेला. मी हाक मारली तर तिने डोळे उघडले. मला ओळखलं की नाही, माहीत नाही. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“पानी.”

माझ्यामागे गुरुजी कोपीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. हजेरीपट त्यांच्या हातातून मातीत पडला.

हिराबाई फडातून धावत आली. हातात कोयता तसाच. “बाई, तुमी कशा आल्या? तीन आठवडे झाले, पोरीला बरंच वाटंना. मदी जरा उठली हुती. कालपासनं लईच... मुकादम म्हनला, ट्रक भरला की दवाखान्यात नेऊ.”

आम्ही ट्रक भरायची वाट बघितली नाही. रस्त्यावरून एक टेम्पो थांबवला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना शीर सापडेना. तिसऱ्या ठिकाणी टोचल्यावर सलाईन लागलं. डॉक्टर हिराबाईला रागावून म्हणाले, “अंगातलं पाणी संपलंय तिच्या. उद्या आणली असती तर मी काही करू शकलो नसतो.”

अलका वाचली. हे आधीच सांगायला हवं होतं, पण ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहितेय.

सोमवारी शाळेत आल्यावर, मुलं यायच्या आत, गुरुजींनी स्वतः कॅसेट लावली. ११२. अलकाने दहाच्या दहा वाक्यं वाचली. न अडखळता, ‘पाणी’वर जोर देऊन, दिवाळीआधी वाचली होती तशीच. १३१ ला संगीता. आम्ही तीनदा ऐकलं. तीनदा तसंच.

“आपल्या दोघांना भास झाला, असं समजा,” गुरुजी म्हणाले.

“आणि रिपेअरवाल्याला? मुलांना?”

त्यांनी कॅसेट काढून कपाटात ठेवली. निवृत्त होईपर्यंत हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

महिन्याभराने अलका गावी आली. चुलतीकडे राहून शाळा करायची, एवढं हिराबाईने मान्य केलं होतं. एका दुपारी मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, तिथे अभ्यास करायचीस का गं?

“पुस्तक न्हवतं,” ती म्हणाली. “मग मी ती बारवंची वाक्यं म्हनायचे. इसरू ने म्हनून. पन मागून मागून इसरायला लागली. आधी धावं गेलं, मग नववं. आजारी पडल्यावर तर लईच गेली. शेवटी बारवच तेवढी ऱ्हायली.”

मी तिला टेपबद्दल काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. ती आता नगरला असते, तिला दोन मुली आहेत.

या गोष्टीचं उत्तर मी शोधलं नाही असं नाही. इंजिनिअर झालेल्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, चुंबकीय फितीवर हे होऊच शकत नाही. मलाही ते पटतं. होऊच शकत नाही.

त्या शाळेत मी आणखी सहा वर्षं होते. दरवर्षी दिवाळीआधी, तोडीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा आवाज भरून घ्यायचे आणि शनिवारी शाळा सुटली की एकटी बसून सगळे ऐकायचे. प्रत्येकाचं सगळं, शेवटपर्यंत. एकदाही काही वेगळं ऐकू आलं नाही.

पाचव्या वर्षी सुनीता नावाची चौथीतली मुलगी कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेली. मंगळवारी. आधीच्या शनिवारी मी तिचा आवाज लक्ष देऊन, दोनदा ऐकला होता. एक अक्षरही अडखळलं नव्हतं.