कुठला किपर?

शैलेश घरत पंधरा वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळला आणि त्यातली बहुतेक वर्षं तो बसून होता. यात त्याची बदनामी नाही, कामच तसं होतं. संघात गोलकिपर एकच खेळतो. दुसरा असतो तो हातमोजे चढवून बाकावर बसतो आणि पहिल्याला काही होतंय का याची वाट बघतो. पहिल्याला सहसा काही होत नाही. शैलेश हा असा दुसरा होता, आधी मुंबईच्या एका कंपनीच्या संघात, मग गोव्यात, मग पुन्हा मुंबईत. बसण्याचा त्याला इतका सराव झाला होता, की स्वतःच्या लग्नात मांडी न हलवता बसलेला नवरदेव बघून भटजींनी दोन मंत्र जास्तीचे म्हटले.

पनवेलजवळच्या खाडीकाठच्या त्याच्या गावात मात्र तो पहिला होता. तिथे तो क्रिकेट खेळायचा, टेनिस बॉलचं. आणि या पट्ट्यात टेनिस बॉलचं क्रिकेट म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. मंडप, फ्लडलाइट, बक्षिसाला मोटरसायकल, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. गावच्या संघाचे अध्यक्ष होते तुळशीराम घरत, म्हणजे शैलेशचे वडील. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, जमिनींवर टॉवर आले, पण तुळशीरामांनी मैदानाचा तुकडा काही हलू दिला नाही. विकेटकिपर अर्थात घरचाच.

शैलेशला फुटबॉलमध्ये ओढलं ते उदयसिंह सरांनी. कोल्हापूरचा हा माणूस पनवेलच्या शाळेत खेळाचा मास्तर म्हणून आला आणि पहिल्याच दिवशी हबकला. अख्ख्या शाळेत एक पोरगं बॉलला लाथ मारेना. शेवटी त्यांनी विकेटमागे उभ्या असलेल्या शैलेशचे हात बघितले आणि त्याला कॉलर धरून गोलपोस्टमध्ये नेऊन उभा केला.

"लेका, विकेटमागं चुकलास तर बॉल पार बाउंड्रीपर्यंत जातोय, तिथवर पळायला तुला वेळ असतोय," सर म्हणाले. "इथं चुकलास की संपलं. म्हणून इथं चुकायचं न्हाई, एवढं सोपं हाय."

एवढ्या सोप्या गोष्टीपायी शैलेशनं आयुष्य घालवलं.

तुळशीरामांना हे कधी पटलं नाही. त्यांच्या मते फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात खेळपट्टी भिजली की पोरांनी चिखलात घालायचा धिंगाणा. त्याला पगार मिळतो हे ऐकून ते आधी हसले, मग घाबरले, आणि मग त्यांनी एक नामी तोड काढली. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की ते छाती काढून सांगायचे, "मोट्या टीमचा किपर हाय." कुठला किपर, ते सांगायचे नाहीत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पॅड, ग्लोव्हज आणि तीन स्टंप उभे राहायचे. शैलेश गोव्याला गेला, तर गोव्याकडून रणजी खेळतो अशी हूल उठली. तुळशीरामांनी ती उठवली नाही, पण बसवलीही नाही. गावातल्या पोरांना सगळं ठाऊक होतं. प्रत्येकाच्या हातात फोन होता. पण अध्यक्षांच्या तोंडावर कोण बोलणार?

खरं बाहेर येण्याची वेळ एकदाच आली होती. गव्हाणफाट्याजवळच्या एका स्पर्धेत बॅट्समननं चेंडू उंच उडवला आणि शैलेश उलटा पळत पार मागच्या दोरीपाशी पोहोचला. चेंडू बरोबर डोक्यावर आला. आता कुणीही माणूस तो झेलेल. शैलेश चार महिने गोव्यात रोज सकाळी उंच चेंडू ठोसा मारून बाहेर घालवत होता. त्यानं दोन्ही मुठी आवळल्या आणि चेंडू असा काही ठोसला, की तो दोरीपलीकडच्या वडापावच्या गाडीवर जाऊन पडला. अंपायरनं गोंधळून सिक्सर दिला. सामना गेला.

"ऊन डोल्यात गेलं त्याच्या," तुळशीराम सगळ्यांना सांगत सुटले. सामना फ्लडलाइटमध्ये चालला होता.

शैलेशला राग यायचा नाही असं नाही. पण तो राग असा नव्हता की भांडून मोकळं व्हावं. त्याला बापाकडून फार काही नको होतं. चारचौघांत एकदा, फक्त एकदा, त्यांनी 'माझा मुलगा फुटबॉल खेळतो' असं म्हणावं, इतकंच. बायकोला, मनस्वीला, तो हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी बोलून बसला. मनस्वी जवळच्याच आपटा गावची. तिच्या माहेरच्यांना जावई क्रिकेटपटू म्हणूनच दाखवला गेला होता. तिनं मात्र बघण्याच्या कार्यक्रमाआधीच फोनवर सगळं शोधून काढलं होतं आणि कुणाला बोलली नव्हती. "क्रिकेटवाला असतास तर नाही म्हटलं असतं," ती त्याला चिडवायची. "ते उन्हात रापतात. तू सावलीत बसतोस."

यंदा सीझनच्या अखेरीला क्लबनं शैलेशला कळवलं, की पुढचा करार होणार नाही. वय झालं. उरला होता एक सामना, मुंबईत, रविवारी दुपारी. आणि शुक्रवारी सरावात पहिल्या किपरचा पाय मुरगळला. कोच म्हणाला, तू खेळतोयस. शैलेशनं बाहेर येऊन थेट वडिलांना फोन लावला.

"बाबा, रविवारी मी खेळतोय."

"मंग? मला म्हाईत नाय काय? फायनल हाय आपली."

"तिकडं नाय. इकडं, मुंबईला. फुटबॉल. शेवटची मॅच आहे माझी. तुमी याल?"



"फायनलला किपिंग कोन करंल मंग?" तुळशीरामांनी विचारलं आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी तुळशीराम पांढरा शर्ट घालून मैदानावर निघाले, तेव्हा मनस्वी दारात उभी होती.

"बाबा, तुमची फायनल यूट्यूबवर दिसेल. आज चुकली तर उद्या बघा. यांची मॅच यूट्यूबवरही नाही हो. आज नाही बघितली तर संपलं."

तुळशीरामांनी तिच्याकडे बघितलं, मैदानाकडे बघितलं आणि गाडीची चावी मागितली. वाटेत अटल सेतूवर ते बहुधा फायनल तहकूब करायची काही सोय आहे का, याचा विचार करत असावेत.

स्टेडियमवर मोजके प्रेक्षक होते. तुळशीरामांना ते बघून आधी बरं वाटलं, ओळखीचं कुणी नव्हतं. मग वाईट वाटलं. "यवढ्याच लोकांसाठी?" त्यांनी सुनेला विचारलं. पुढची दहा मिनिटं ओव्हर कधी संपते, हात वर केलेला माणूस अंपायर की कोण, अशा शंका ते काढत राहिले. मग समोरच्यांचा धिप्पाड फॉरवर्ड एकटा सुटला आणि शैलेशनं सरळ त्याच्या पायांवर उडी टाकली. चेंडू अडला. शैलेशची भुवई फुटली. पट्टी लावून तो उठला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. त्यानंतर तुळशीराम कठडा धरून उभे राहिले ते सामना संपेपर्यंत. शैलेशनं पुष्कळ अडवले, दोन सुटले, आणि संघ हरला.

परत आले तेव्हा गावात बक्षीस समारंभ चालू होता आणि वातावरण तापलेलं होतं. फायनल गेली होती. बदली किपरनं इतके बाय सोडले होते, की वडापाववाला म्हणाला, मीच उभा राहिलो असतो. अध्यक्ष गायब, किपर गायब, लोक खवळलेले. गाडीतून तिघं उतरताना दिसले आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. समालोचक विनायक हुशार माणूस, त्यानं लगेच माइक सावरला.

"मंडळी, शांत राहा! आपला शैलेश आज मुंबईत एका मोठ्या सामन्यात किपिंग करत होता! देश पैला, गाव मागून! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. राग निवळला. आता अध्यक्षांनी हात जोडले असते की विषय मिटला असता. विनायकनं माइक त्यांच्या हातात दिला. शैलेश कपाळाला पट्टी लावून मंडपाच्या खांबाशी उभा होता. काय ऐकायला मिळणार हे त्याला पाठ होतं.

"किपिंग करत व्हता, ते खरं," तुळशीराम म्हणाले. "पन फुटबॉलचं. माजा पोऱ्या फुटबॉल खेलतो. पयल्यापासून फुटबॉलच खेलतो. रणजी-बिनजी काय नाय."

त्यांनी शैलेशच्या कपाळावरच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"आज हरला. दोन सुटले त्याच्याकडून. अडवले किती, त्याला कोन टाली वाजवीत नाय तिकडं. मानूस अंगावर पाय देऊन जातो, आन् ह्यो उठून परत तितंच उबा. पंदरा वरसं ह्यो येवडा सोसतो, आन् मला सांगायची लाज वाटायची. बाप हाय मी." त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "चूक माजी हाय. फायनल गेली ती बी माज्यामुलं. त्याला काय बोलू नका."

माइक विनायककडे देण्याऐवजी त्यांनी तो तसाच खुर्चीवर ठेवला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मागची पोरं आधी कुजबुजली, मग त्यातल्या एकानं शिट्टी मारली, आणि मग जो गलका उठला तो फायनलच्या एकाही चौकाराला उठला नव्हता.

शैलेश खांबाला धरून उभा होता. डोळे असे भरले होते की समोरचं काही दिसत नव्हतं. त्या घडीला दोन वर्षांच्या पोरानं जरी त्याच्याकडे चेंडू ढकलला असता, तरी तो नक्की सुटला असता.