आत्याचा वैरी

आत्याएवढं मनापासून वैर धरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भाऊबंदांशी तिचं कधी वाजलं नाही. तिचा दावा होता हृदयातल्या पेशींशी. धडधडणाऱ्या स्नायूंच्या नव्हे, तर त्यांच्यामधल्या जागेत बसून चिवट धागे विणणाऱ्या पेशींशी. माझी आजी, म्हणजे तिची आई, माले गावातल्या आमच्या घरी धापा टाकत गेली. हृदय आवळत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. आवळणारा कोण, हे आत्यानं शिकून शोधून काढलं आणि पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, “आदी त्याचं बघते, मग माजं.”

शनिवारी एस.टी.नं घरी यायची आणि भाकरी मोडता मोडता चवीनं सांगायची, “दोन बाटल्या उपाशी मारल्या.” त्या पेशी ती काचेच्या बाटल्यांत वाढवायची. एकदा मला घेऊन गेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली आक्रसत चाललेली एक पेशी दाखवली. “बघ, कसा मरतोय मुडदा.” खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. माझीही आजी त्यानंच नेली होती.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिनं हे सगळं खाचराच्या बांधावर बसून समजावलं. “बांधाला खांड पडली तर चिखल घालायलाच पायजे, दादा. काळजाला जखम झाली की ह्यो बी तसंच धागं घालतोय, त्ये बराबर हाय. पन घालता घालता शेजारच्याला हाक मारतोय, त्यो पुढच्याला. बास म्हनायला कुनी न्हाई. चांगल्या खाचरात बी चिखल भरत्यात. मग भात कुटं लावायचा?” ती हाक खरी होती. धागे विणणाऱ्या पेशींच्या बाटलीतलं पाणी तिनं शांत बाटलीत घातलं, की तिथल्याही विणायला लागायच्या. त्या पाण्यात नेमकं काय आहे आणि ते गप्प कसं करायचं, एवढंच तिला हवं होतं.

आणि मग आबांनाच हृदयविकाराचा झटका आला. त्या धाग्यांनी हृदयाची जखम भरली, आबा वाचले. पण हाक थांबली नाही. पायांना सूज चढली, खाचरापासून घरापर्यंतची चढण होईना. आत्याचं शनिवारी येणं बंद झालं. ती प्रयोगशाळेतच दिवसरात्र झटत होती, आणि तिला उशीर होत होता. पुण्याच्या दवाखान्यात आबा तिला म्हणाले, “मी गेलो की काळीज काढून घे माजं. माज्या हयातीत न्हाई घावला, तर माज्यामागारी फाड त्याला.”

आबा गेले तेव्हा भाऊबंद चिडले, देहाची विटंबना म्हणाले. आईनं कुणाचं ऐकलं नाही. आत्यानं स्वतःच्या हातानं कापलं. सुरी करकरत होती, एवढंच ती सांगायची. त्यातले तुकडे तिनं बाटल्यांत ठेवले. माणूस गेल्यावरही या पेशी काही तास तग धरतात. अन्न मिळालं आणि त्या वाढायला लागल्या.

तिनं हे सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“म्हंजी ह्यांचं कायतरी जित्तं हाय, वन्सं?”

“वैरी जित्ता हाय, वैनी.”

“आसू दे. खायाला घालताय न्हवं त्याला?”

ती बाटली आत्याला उपाशी मारता आली नाही. बाकीच्यांचा जीव तिनं खुशाल घेतला, हिला मात्र वेळेवर अन्न घालायची आणि घालताना शिव्या द्यायची, “गिळ, मुडद्या, गिळ.” आता ती पुन्हा शनिवारी यायची, तेव्हा आई विचारायची, “कसं हाय?” आत्या तोंड वाकडं करून सांगायची, “हाय.”

पण अशा पेशीही अमुक इतक्याच वेळा वाढतात आणि मग थकतात. पुढच्या वर्षी एका शनिवारी आत्या आली ती दारातच उभी राहिली.

“मेला, वैनी,” ती म्हणाली. “सगळा मेला.”

याच दिवसासाठी तिनं जन्म घालवला होता. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून उठली.

“हितंच थांबा, वन्सं. आंघुळीला पानी ठेवते,” म्हणाली. “मग आत या.”