वाघाला ठेवलेलं दार

पंढरीनाथला कुणी प्राणिमित्र म्हटलं की तो चिडतो. "कसला मित्र? गल्लीतल्या कुत्र्याला मी हाड् म्हणतो!" आणि म्हणतोच. गोडदेवला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. आत घुसणाऱ्याला बाहेर ठेवायचं, एवढी एकच विद्या त्याला येते. शांती नगरच्या निम्म्या खिडक्यांना बाहेर काढलेली, पिंजऱ्यासारखी बॉक्स ग्रिलं त्यानेच ठोकलीत. आता त्या बिल्डिंगी पाडतायत आणि त्याची ग्रिलं भंगारात निघतायत. आपल्या हातचा जोड माणसाला ओळखू येतो हो! भंगारवाल्याच्या दारात ती ढिगाने पडलेली बघून तो हळूच एखाद्या जोडावरून हात फिरवायचा.

त्याच्या दुकानापुढे आनंदी भाजी घेऊन बसायची. ती चेन्याच्या जंगलाला लागून असलेल्या पाड्यावरची. एकदा चार दिवस आलीच नाही, आणि आली ती डोळे सुजवून.

"वाघानं दोन शेळ्या नेल्या, दादा. गोठ्याचा कूड फाडून नेल्या." बिबट्याला पाड्यावर वाघच म्हणतात. "पाच राहिल्या, त्यात एक गाभण हाय. आनि आमचा दीर, राघो, बोलतो, आता एक जरी गेली तर मढ्याला औषध लावून ठेवनार. वाघालाच संपवनार."

"मग संपू दे की."

"असं बोलू न्हाय, दादा! देव हाय तो आमचा. वर्साला नारळ फोडतो त्याला." आणि मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "पन शेळ्या गेल्या तर मी खाऊ काय?"

पंढरीनाथने डोकं खाजवलं. चोराला जे लागतं तेच वाघालाही लागत असणार, दुसरं काय? रविवारी भंगारातली ग्रिलं टेम्पोत टाकून तो पाड्यावर गेला. शेळ्यांच्या गोठ्याला चारी बाजूंना ग्रिलं उभी केली, वर छपराला एक मोठं आडवं टाकलं आणि दिवसभर वेल्डिंग केलं. राघो लांब बसून बिडी ओढत होता.

"बिल्डिंगीतली अक्कल जंगलात चालत न्हाय, मिस्त्री."

पंढरीनाथने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. दिवस मावळायच्या आत काम उरकून तो ताठ मानेने घरी आला.

सोमवारी सकाळी तो चहा पीत होता आणि त्याची बायको हंसा कपडे वाळत घालत होती. तिने ग्रिलचं छोटं दार बाहेर ढकललं आणि त्यातून वाकली. असं दार प्रत्येक बॉक्स ग्रिलला असतं, आग लागली तर माणसाला बाहेर पडता यावं म्हणून. पंढरीनाथ ते न चुकता ठेवायचा. त्याने कप खाली आपटला.

"मेलो!"

"अहो, काय झालं?"

"वाघाला दार ठेवून आलो मी!"

बाजूंची दारं बाहेर उघडणारी, पण छपरावरचं ग्रिल त्याने पालथं टाकलं होतं. म्हणजे दार आता खाली उघडणार, थेट शेळ्यांवर. कडी झिजलेली, आणि कुलूप तर भंगारवाल्यानेच कापलेलं. वाघाने वर नुसता पाय ठेवायचा अवकाश!

आनंदीचा फोन लागेना. त्याने रिक्षा पकडली. एक शेळी गेली तरी वाघही जाणार आणि दोघांचं पाप आपल्या माथी, या विचाराने त्याला दरदरून घाम फुटला.

"चाचा, अस्पताल चलना है क्या?" रिक्षावाल्याने घाबरून विचारलं.

"नहीं रे बाबा, बकरी देखने."

पाड्यावर गोठ्याभोवती ही गर्दी! माणसांना बाजूला सारत तो पुढे घुसला आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार... पाचवी? पाचवी कुठाय? कोपऱ्यात गाभण शेळी रवंथ करत बसली होती, जशी काही हिच्या बापाचीच बिल्डिंग. पंढरीनाथने मटकन बसकण मारली. हुश्श! देवा, पाचही आहेत, पाचही!

"आला होता, दादा. वर चढला होता," आनंदी हसत होती, रडत होती. छपराचा रंग नखांनी ओरबाडला होता. सगळ्यात जास्त ओरखडे त्या दारावरच होते. पण दार जागचं हललं नव्हतं. त्याला कुंपणाची तार आवळून आवळून बांधली होती, दहा-बारा वेढे.

"ही कुणी बांधली?"

आनंदीने हनुवटीनेच मागे दाखवलं. मागे राघो उभा होता, तोंडात बिडी.

"तुमी गेल्यावर वर चढून बघितला. म्हटला, मिस्त्रीनं वाघाला दार ठेवलाय."

"पण तुला तर वाघ मारायचा होता ना? मग गप बसायचंस."

राघोने बिडी विझवली. "मारायची हौस हाय का मला? वर्साला नारळ मीच फोडतो त्याला."

पंढरीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं.

"आता रडताय काय?" राघो म्हणाला. "ता दार जोडून टाका पक्का. आनि माजी तार मला परत द्या."