लाल बादली की निळी?

आमच्या मामाच्या हातात कायम एक स्क्रूड्रायव्हर असे. पिवळ्या मुठीचा, वीतभर लांब. मामानं त्या स्क्रूड्रायव्हरनं कधी काही उघडलं किंवा बसवलं, असं मला आठवत नाही. पण घरात काम निघालं की तो घेऊन मामा जिन्यातून, गॅलरीतून, गच्चीवरून फिरायचा. "हातात हत्यार असलेल्या माणसाला कोणी दळण आणायला पाठवत नाही," असं त्यानं मी शाळेत असताना मला सांगितलं होतं. ते खरंही होतं.

अंबरनाथ पूर्वेला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. आम्ही तळमजल्यावर, मामा-मामी दुसऱ्या मजल्यावर. मामी मोरिवलीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. मामा उल्हासनगरच्या एका छापखान्यात लेबलांची चित्रं काढायचा. पापडाची, साबणाची, जीन्सच्या कमरेला लावायची. दोघंही दिवसभर राबून यायची. घरी आल्यावर मामी दुसऱ्या पाळीला उभी राहायची आणि मामा स्क्रूड्रायव्हर शोधायचा. माझी आई म्हणायची, "सख्खा भाऊ आहे माझा, पण वहिनीच्या जागी मी असते तर त्या स्क्रूड्रायव्हरसकट गच्चीत कोंडला असता."

मामा कधीच कामाला नाही म्हणत नसे. तो प्रश्न विचारायचा.

"अहो, पाणी आलंय. बादली लावा," मामी स्वयंपाकघरातून सांगायची.

"लावतो की. लाल लावू की निळी?"

"कुठलीही लावा."

"कुठलीही कशी? निळीची कडी निघालीय. आणि लाल बादलीत तू कपडे भिजवलेस ना?"

"काढले ते."

"काढून कुठे ठेवलेस?"

एवढं होईपर्यंत मामी पदर खोचून नळाखाली बादली लावून मोकळी व्हायची. "बघ, मी करतच होतो," मामा म्हणायचा. एखादं काम अगदीच अंगावर आलं तर तो ते एकदा करायचा, पण असं की पुन्हा कोणी सांगू नये. मेथी आणायला गेला तर फुलं आलेली जून जुडी आणली. तांदूळ निवडायला बसवला तर खडे ताटात राहिले आणि तांदूळ जमिनीवर गेले. भाजी आणि तांदूळ ही दोन कामं त्यानंतर त्याच्या वाट्याला आली नाहीत.

या सगळ्यातून वाचलेल्या वेळात मामा एक चित्रांचं पुस्तक करत होता. सदू नावाच्या बोक्याचं. सदू लुंगी नेसायचा आणि आईनं काम सांगितलं की गायब व्हायचा. पिंपामागे, गाद्यांच्या ढिगात, गच्चीतल्या वाळवणाखाली. एका पानावर सदू हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन ऐटीत चाललेला होता. दुसऱ्या पानावर दोन बादल्यांसमोर गालावर पंजा ठेवून विचार करत बसलेला. मामा संध्याकाळी जिन्यात बसून बिल्डिंगमधल्या पोरांना एकेक पान दाखवायचा. पोरं पायऱ्यांवर खेटून बसायची आणि सदू दिसला की शेपटीवर बोट ठेवायची. मामी रॉकेलचा डबा घेऊन त्यांच्यामधून वाट काढत वर जायची.

छापखान्याचे मालक सिंधी होते. मामा त्यांना सेठ म्हणायचा. कॅलेंडरांच्या हंगामात उरलेल्या कागदावर पुस्तक छापून द्यायला ते तयार झाले. पण दोन अटी घातल्या. लग्नपत्रिकांची कामं सुरू व्हायच्या आत पुस्तक पुरं करायचं, आणि शेवट बदलायचा. "अरे साईं, कहानी अच्छी है. लेकिन आखिर में बिल्ला सुधरना चाहिए," ते म्हणाले. "किताब बच्चा नहीं खरीदता, बच्चे की माँ खरीदती है."

मामाची पंचाईत झाली. समोर पाहिल्याशिवाय त्याला काही काढता येत नसे. पुस्तकातल्या बादल्या मामीच्या होत्या, पिंप आमचं होतं, जिना आमच्या बिल्डिंगचा होता. "सुधारलेला बोका मी बघितलेला नाही. काढू कुठून?" तो म्हणायचा. तरी त्यानं प्रयत्न केला. सदूच्या हातात झाडू दिला, तोंडावर हसू दिलं, मागे उगवता सूर्य काढला. जिन्यातली पोरं चित्राकडे बघत राहिली. मग आमच्या समोरची छोटी म्हणाली, "हा सदू नाहीये. हा सदूचा भाऊ आहे." मामानं ते पान फाडलं. पुस्तक छापून यावं अशी त्याला फार इच्छा होती. लेबलाखाली कोणी त्याचं नाव छापत नसे, पुस्तकावर छापलं जाणार होतं. त्यासाठी त्यानं आणखी चार-पाच शेवट काढले आणि तेही फाडले.

अशातच एका सकाळी वरच्या मजल्याला पाणी चढलं नाही. खालच्या नळावरून कळशी भरून आणायला मामीनं मामाला हाक मारली. मामा गच्चीत अँटेनाकडे बघत उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर. त्यानं ओ दिली नाही. मामी स्वतः गेली. भरलेली कळशी घेऊन वर येताना ओल्या पायरीवरून घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. आवाज ऐकून आम्ही धावलो, तेव्हा मामा वरून उतरत होता. त्याच्या हातात तेव्हाही ते हत्यार होतं. आईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी मामीचा स्वयंपाक उरकायला वर गेलो. आम्हाला करायला काही शिल्लक नव्हतं. पिंपं गाळून भरलेली होती. कपडे झटकून, दोरीवर एका रेषेत वाळत घातलेले. कुकर झाला होता. मामा पोळ्या लाटत होता आणि त्या गोल होत्या, माझ्या पोळ्यांपेक्षा गोल. त्यानं मामीला चहा नेऊन दिला. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून तिनं डाव्या हातानं कप धरला, एक घोट घेतला, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली,

"म्हणजे येत होतं तर तुम्हाला."

मामाकडे त्यावर प्रश्न नव्हता. तो पोळी करपते म्हणून आत गेला.

प्लास्टर निघाल्यावर त्यानं एकदा जुना डाव टाकून बघितला. मामीनं बादली लावायला सांगितली तेव्हा सवयीनं म्हणाला, "लाल की निळी?" मामी जागची उठली नाही. "रोज भरत होतात ती," एवढंच म्हणाली. मामानं बादली लावली. सकाळचा चहाही त्याच्याकडे राहिला तो राहिलाच.

पुस्तकाचं शेवटचं पान त्यानं त्याच आठवड्यात काढलं. सदू चुलीपाशी उभा आहे आणि त्याच्यासमोर आई, आजी, शेजारची कोंबडी, दारातली बकरी, सगळे रिकामे कप पुढे करून रांगेत आहेत. सदूचा चेहरा बघण्यासारखा. खाली दोनच वाक्यं: 'सदूने एकदा चहा चांगला केला. झालं.' जिन्यातली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. सेठनी पान उजेडात धरून बघितलं.

"ये सुधरा है कि फँसा है?"

"फँसा है, सेठ."

"हाँ, ऐसा होता है," सेठ म्हणाले आणि मशीनवाल्याला हाक मारली.

पुस्तक छापून आलं. एका शाळेनं मुलांना नको त्या गोष्टी शिकवतं म्हणून परत पाठवलं. बाकीच्या प्रती मामीनं ताब्यात घेतल्या. बिल्डिंगमधल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात ती ओटीबरोबर एक पुस्तक द्यायची. "मुलांसाठी नाही, आधी नवऱ्याला वाचायला दे," म्हणायची. लग्न करून मी बदलापूरला कात्रपमध्ये राहायला गेले, तेव्हा मलाही मिळालं. पहिल्याच महिन्यात आमच्या ह्यांनी विचारलं, "कुठल्या पिशवीत आणू भाजी?" मी पुस्तक काढून बादल्यांचं पान उघडून समोर ठेवलं. भाजी आली. तेव्हापासून माझ्या घरात काम सांगितल्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. मुलांनाही मी तसंच वाढवलं.

चहापाठोपाठ स्वयंपाकघरही हाताखाली आल्यावर मामानं एकच खोडी ठेवली. सगळे डबे सारखे आणले आणि त्यांना छापखान्यात उरलेली लेबलं चिकटवली. एका डब्यावर साबण, एकावर जीन्स, एकावर उडदाचे पापड. कशात काय आहे ते त्यालाच ठाऊक. कोणी तक्रार केली की म्हणायचा, "मला विचारा ना. मी आहे."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मामा गेला. सकाळी चहा करून झाल्यावर छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. दिवस होईपर्यंत घरात माणसं होती, चहा तळमजल्यावरून, आईकडून जात होता. तेराव्यानंतर सगळे पांगले आणि मी मामीसोबत राहिले.

दुसऱ्या दिवशी उठले तर मामी ओट्यापाशी उभी होती. पातेल्यात पाणी उकळून अर्धं झालं होतं. तिनं दोन डबे उघडून बघितले होते, एकात रवा होता, एकात पोहे. माझी चाहूल लागली तशी ती न वळता म्हणाली,

"साखर कुठल्या डब्यात ठेवायचे गं हे?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी खरंच विचारतेय."

मी पुढे झाले आणि साबणाचा डबा उघडला. त्यात नव्हती. जीन्सच्या डब्यात होती.