रोज दोडका

सरस्वतीपुरममध्ये मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो, ते काका निवृत्त शिक्षक. घरात मराठीच, पण म्हैसूरची. मध्येच कन्नड उगवतं आणि लातूरकडचा मी नुसती मान डोलावतो. काकांकडे एक जुना संगणक आहे. सगळं यंत्र कीबोर्डातच, पडदा म्हणून घरातला टीव्ही, आणि लिहिलेला प्रोग्रॅम साठवायचा कॅसेटवर.

मी नववीत शाळा सोडली. इंग्रजी अक्षरं दिसली की अजून घाम फुटतो. काकांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "चुकलास तर हे एरर म्हणतं. छडी नाही मारत." मेटगळ्ळीच्या कारखान्यातून परतलो की रोज शिकवणी. फी म्हणून मी फक्त चहाच्या कपबशा विसळायच्या.

काकूंना मात्र ते यंत्र डोळ्यांसमोर नको होतं. त्यांच्या मालिकेच्या वेळी आम्ही टीव्ही अडवून बसायचो. रविवारी भंगारवाला येतो, त्याआधी याचा काही उपयोग दाखवा, असं त्यांनी सांगून टाकलं. माझी झोपच उडाली. दुसरं कोण मला शिकवणार होतं?

काकू रोज सकाळी विचारायच्या, आज भाजी कसली करू? आम्ही दोघं म्हणायचो, काहीही. म्हटलं, आता यंत्रच सांगेल. भाज्यांची नावं टाकली, त्यातलं कुठलंही एक निवड, असं लिहिलं. गुरुवारी यंत्रानं दोडका सांगितला. शुक्रवारी दोडका. शनिवारीही दोडका. दोडका काकांच्या आवडीचा, त्यामुळे संशय थेट त्यांच्यावर.

काका हसत सुटले. मग म्हणाले, यंत्र भाजी निवडतं ती आतल्या आकड्यांवरून, आणि बंद करून पुन्हा चालू केलं की आकड्यांची तीच रांग पहिल्यापासून म्हणतं, पाढ्यासारखी. म्हणून मी प्रोग्रॅम बदलला. कुणी बटण दाबेपर्यंत यंत्र भराभर भाज्या फिरवत राहील. दाबलं की थांबेल.

रविवारी भंगारवाल्याची हाळी कोपऱ्यावर आली तेव्हा काकूंनी हात पदराला पुसला आणि बटण दाबलं.

कारलं.

काकांचा चेहराच कडू झाला. कारलं म्हटलं की ते ताटावरून उठतात. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा टीव्हीकडे.

"इरली," त्या म्हणाल्या, "राहू दे हे. घरात कुणीतरी सरळ उत्तर देतंय."

हाळी पुढच्या गल्लीत गेली. त्या दुपारी मी कारल्याची भाजी दोनदा मागून घेतली. काकांच्या वाटणीचीही.