डोकं खाली, पाय वर

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! अजून आठवलं की कान तापतात.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सरकारी नोकरीत बदली झाली आणि सांगलीहून थेट चंडीगड! क्वार्टर मिळेपर्यंत चार दिवस म्हणून वडिलांच्या मित्राकडे, दातारकाकांकडे उतरलो. पावसाळा गेला, थंडी गेली, मी आपला त्यांच्या दिवाणावरच! का? एक म्हणजे काकूंची आमटी. आणि दुसरं, त्यांची सुधा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिला मागणी घालायची, असं त्या रविवारी मी अगदी ठरवलं होतं.

शब्द जुळवत दिवाणावर उताणा पडलो होतो. एक पाय भिंतीला, दुसऱ्यानं चिवड्याची बशी जवळ ओढत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुधाचा आवाज आला.

"आई, हा लहानपणी नुसता भटकतो. मग एक जागा आवडली की तिथे डोकं टेकतो आणि पक्का चिकटतो. नंतर जन्मभर हलायचं नाव नाही!"

"अगबाई! आणि खातो कसा?"

"डोकं खाली, पाय वर. पायानंच ओढून खातो!"

मी बशीवरचा पाय झटकन मागे घेतला.

"आणि एक चिकटला ना, की त्याच्या मागोमाग जातभाई येतात."

अरे देवा! धाकट्या भावाला मी गुपचूप बोलावलंय, हे हिला कुणी सांगितलं?

"मग काढायचा कसा गं मेल्याला?"

"खरवडून, और क्या!"

बस्स! मी तरातरा आत गेलो. "काकू, निघालो मी! क्वार्टरची किल्ली कधीचीच माझ्या खिशात आहे. आणि भावालाही तार करतो, येऊ नकोस म्हणून!"

काकूंचं लाटणं थांबलं. "किल्ली? कुठला भाऊ?"

सुधानं हातातली बाटली पुढे केली. आत एक दगड, त्यावर पांढरे टणक फोड. "अहो, बार्नॅकल! समुद्रातला प्राणी. तोंडी परीक्षा आहे माझी, म्हणून आईला समजावून सांगत होते."

दारातून काका शांतपणे म्हणाले, "किल्ली आहे ना? मग जेवून निघ."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! मागणी राहिली बाजूला, वळकटी बांधली. साधं 'थांब' कुणी म्हटलं नाही.

परीक्षेनंतर काका पेढे घेऊन ऑफिसात आले. "सुधा पास झाली! परीक्षकांनी विचारलं, चंडीगडला कुठला समुद्र? जिवंत बार्नॅकल कधी पाहिलाय का?"

मी पेढा उचलला. "मग?"

"म्हणाली, 'हां जी, सर. आमच्या दिवाणावर.'"