चूल आमी बांधली, पेटवली त्याइनं

"हात काढ मांगं. चूल पेटली आता."

काकू एवढंच म्हनली. आवाज चढला नाई. मी तुराटी आत सरकवत होती, ती हातातच राह्यली. आंगनभर बाया पाहून राह्यल्या होत्या.

काकू म्हंजे आमच्या गावच्या माजी सरपंचाची बायको. मेडशीच्या अलीकडं आमचं गाव. कमी धुराची चूल बांधाले शिकवाले वाशीमहून एक ताई येत होती. शिकवनी काकूच्या आंगनात, कारन जागा तिथं मोठी. आमच्या बौद्धपुऱ्यातून मी अन् माही जाऊ जात होतो. माती आमी आनली. तुरीचं कुटार, शेन टाकून पायानं तुडवली. पत्र्याच्या साच्यात ठोकून बसवली. वाळेस्तोर तिच्या भेगा मीच बुजवल्या. तवर कोनी काही म्हनलं नाई. ओल्या मातीले कोनाचाबी हात चालते.

पेटली, अन् ती त्याइची झाली.

"तुमी दोघी तिकडं बसा, भितीपाशी," काकू म्हनली. तिच्या सुनेनं चहा मांडला. ताई मोबाइलात पाहत राह्यली. तिनं आयकलं होतं, मले माहीत हाय.

मले रडू आलं नाई. रागबी नाई. धूर पाइपातून सरळ वर जाऊन राह्यला होता. चूल चांगली झाली, एवढंच डोक्यात आलं.

घरी सासूले सांगतलं. ती जुन्या चुलीपाशी खोकत होती. म्हनली, "माही उमर या धुरात गेली. साचा त् घेऊन ये."

साचा गावासाठी होता, पन ठेवला काकूच्या घरी. मी गेली. काकू दारातूनच म्हनली, "नेजो. पन आधी आमच्या गल्लीतल्या चुली बांधून दे. तुह्या हाताले जमते."

माह्या तोंडातून निंगालं, "पेटवन कोन?"

"काय?"

"बांधीन मी. पेटवन कोन?"

ती हासली. "ज्याची चूल तो पेटवन. तुले काय करा लागते?"

"मंग बांधाले बी त्याइचेच हात लावा."

साचा न घेता वापस आली. रस्त्यानं झपझप चालली. भेव होतं का काय होतं, आजबी सांगता येत नाई.

जावेनं तेलाचा रिकामा डबा आनला. छन्नी-हातोड्यानं कापला, ठोकून साचा केला. पह्यली चूल खचली. दुसरीचा धूर उलटा घरात आला. तिसरी टिकली. सासूनं तिच्यावर भाकर टाकली अन् ती फुगेस्तोर चुलीपाशीच बसली. मंग पुऱ्यातल्या बाया एकमेकीच्या घरी चुली बांधू लागल्या. एक दिवस धनगराची सून आली. आमच्यासंगं माती तुडवली, आमच्यातच बसून जेवली. तिलेबी शिकवलं.

परवा काकूचा निरोप आला. चूल भेगाळली, लिपून दे म्हने.

मी नाई म्हनून सांगतलं. जी माह्यासंगं मातीत उतरन, माह्या हातची भाकर खाईन, तिले शिकवीन. मंग ती कोनाचीबी असो. बाकीच्याइनं धुरात बसावं. मी पाह्यालेबी जानार नाई.